१ मे : राजूर आणि एका तारखेचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व कडेला, वणी तालुक्यात वसलेले राजूर हे गाव कोळशाच्या खाणीवर आणि चुन्याच्या भट्ट्यांवर वाढले. पंचक्रोशीत ते राजूर कॉलरी या नावाने ओळखले जाते. या गावाच्या वाट्याला १ मे ही तारीख कायद्याने तीनदा आली. १९६० च्या १ मेला गावाचे राज्य बदलले, १९६२ च्या १ मेला जिल्ह्याचा ग्रामीण कारभार पाहणारी संस्था बदलली आणि १९७३ च्या १ मेला खाणीचा मालक बदलला. जगासाठी हा कामगार दिन आणि महाराष्ट्रासाठी राज्याचा स्थापना दिन. खाणकामगारांच्या वस्तीत दोन्ही एकाच सकाळी साजरे होतात.

एका तारखेला घडलेल्या घटना एका ओळीत मांडल्या की त्यांच्यात काही गूढ नाते असल्याचा भास होतो. बहुतेक वेळा तसे काही नसते. जन्म आणि मृत्यू कुणी ठरवून तारखेला बसवत नाही. कायदे, राज्ये, जिल्हे आणि संप यांच्या तारखा मात्र माणसे निवडतात, आणि एकदा निवडलेली तारीख पुढच्यांना पुन्हा निवडावीशी वाटते. १ मेच्या नोंदींत हे दोन्ही प्रकार सरमिसळ झालेले आहेत, आणि ते वेगळे करून पाहिले तरच या तारखेचा इतिहास नीट लागतो.

राजूर आपल्या जागेवरून हलले नाही. त्याच्याभोवतीची राज्ये बदलत गेली. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळात वणीच्या नावाने ओळखला जाई. मुख्य ठाणे यवतमाळला असूनही नाव वणीचे होते, ते १९०५ मध्ये बदलले. त्याआधी १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले होते. स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेशात राहिला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा निकाल लागण्याआधीच विदर्भाने नागपूर ही आपली राजधानी गमावली होती.

जमिनीखालचा इतिहास याहून फार जुना आहे. वर्धा नदी यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांची सीमा आहे. तिच्या दोन्ही काठांखाली गोंडवन काळातल्या खडकांत कोळशाचे जाड थर आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७० च्या दशकात या खोऱ्याची पाहणी करून तपशीलवार अहवाल लिहिला. पलीकडच्या काठावर वरोऱ्याला सरकारने १८७१ च्या सुमारास खाण सुरू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली, आणि आगी लागून त्रस्त झालेली ती खाण १९०६ मध्ये बंद केली. त्यानंतर बल्लारपूरकडे लक्ष वळले आणि अलीकडच्या काठावर राजूरला खाणकाम सुरू झाले. माजरीहून राजूरपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो कोळशासाठीच. आजूबाजूला कापूस पिकवणाऱ्या मुलखात अशा रीतीने पाळीच्या भोंग्यावर चालणारे एक गाव तयार झाले.

ज्या तारखेशी हे गाव पुढे बांधले गेले ती मुळात अमेरिकेतली. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १ मे १८८६ रोजी तिथल्या कामगारांनी देशभर संप पुकारला. तारीख अचानक ठरलेली नव्हती. दोन वर्षे आधी, १८८४ मध्ये, कामगार संघटनांच्या परिषदेने ठराव करून हा दिवस नेमला होता. शिकागोमध्ये संप चिघळला, ४ मे रोजी हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, आणि बॉम्ब कुणी टाकला हे सिद्ध न होताच ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चार जणांना फाशी देण्यात आली. १८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने पुढच्या वर्षी १ मेला सर्व देशांत एकाच दिवशी निदर्शने करण्याचे ठरवले. १८९० पासून ही प्रथा सुरू झाली.

त्याच १८९० च्या उन्हाळ्यात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार आठवड्याची सुट्टी मागत होते. एप्रिलच्या अखेरीस त्यांची मोठी सभा झाली आणि १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. युरोपातला पहिला मे दिन आणि मुंबईतला हा विजय यांच्यात जेमतेम सहा आठवड्यांचे अंतर आहे. पण एकाची दुसऱ्याला प्रेरणा होती असे मानण्याचे कारण नाही. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी. त्यांचा लढा सत्यशोधक परंपरेतून आलेला होता.

भारतात १ मेला लाल निशाण पहिल्यांदा फडकले ते १९२३ मध्ये मद्रासला. सिंगारवेलू यांनी समुद्रकिनाऱ्यावर सभा घेतली आणि हा दिवस सुट्टीचा असावा अशी मागणी केली. त्याआधीच्या एका १ मेने मात्र, कामगार दिनाशी काही संबंध नसताना, महाराष्ट्रातल्या कामगारांना रस्त्यावर आणले होते. ३० एप्रिल १९०८ च्या रात्री मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मॅजिस्ट्रेट किंग्जफर्डची समजून एका गाडीवर बॉम्ब टाकला आणि त्यात दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. रात्रभर पायी चाललेला अठरा वर्षांचा खुदीराम १ मेच्या सकाळी वैनी नावाच्या रेल्वे स्टेशनवर पकडला गेला. या घटनेवर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि २२ जुलैच्या रात्री त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, त्यांचा वाढदिवस होता. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवस मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला. मजुरीसाठी नव्हे तर राजकीय कारणासाठी कामगारांनी केलेला हा भारतातला पहिला मोठा संप. लेनिननेही त्याची दखल घेतली.

टिळकांच्या वऱ्हाडातल्या अनुयायांमध्ये माधव श्रीहरी अणे हे नाव पहिल्या रांगेत येते. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीचा, म्हणजे राजूरच्या शेजारचा. वकिली यवतमाळला, १९३० मध्ये पुसदजवळ जंगल सत्याग्रह, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातली जागा आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपालपद असा त्यांचा प्रवास. त्यांचे निधन २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताक दिनी झाले. १९६० च्या १ मेची गोष्ट सांगताना त्यांच्याकडे पुन्हा यावे लागेल.

दरम्यान खाणीतल्या माणसाकडे कायद्याचे लक्ष फार हळू वळत होते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा पट्ट्याला भेट दिली, स्वतः खाणीत उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून दवाखाने, घरे, पाणी यांची सोय करायची ही त्यामागची कल्पना. युद्धकाळात स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली गेली होती, ती १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. १९५२ च्या खाण कायद्याने भूमिगत कामाची मर्यादा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी ठरवली. शिकागोच्या संपातली मागणी खाणीच्या तोंडाशी कायदा म्हणून यायला ६६ वर्षे लागली.

आता १९६०. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबईचा गिरणी कामगार आघाडीवर होता. हुतात्म्यांमध्ये कामगारांची संख्या मोठी होती. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या नेत्यांमध्ये कामगारपुढारी श्रीपाद अमृत डांगे होते, आणि चळवळीचे शाहीर अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणगावात राबलेले. (अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. टिळकांचे निधन झाले तो हाच दिवस. मराठी दिनविशेषांत याहून ठळक योगायोग सापडणे कठीण.) संसदेने मुंबई राज्य पुनर्रचनेचा कायदा केला, २५ एप्रिल १९६० रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि सहा दिवसांत नवी राज्ये अस्तित्वात आली. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे निव्वळ कारभाराच्या सोयीने पाहिले तर १ एप्रिल अधिक सोपा होता. १ मे ठरल्यामुळे मात्र ज्या वर्गाने रस्त्यावर किंमत मोजली त्याचा सण आणि राज्याचा वाढदिवस कायमचे एकत्र झाले.

३० एप्रिलच्या रात्री मुंबईच्या राजभवनात पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते राज्याच्या नकाशाचे अनावरण झाले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, श्रीप्रकाश राज्यपाल. २६ जिल्ह्यांच्या या राज्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक महसूलमंत्री होते आणि शेजारच्या चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवारही मंत्री होते. पुढे चव्हाणांनंतर आधी कन्नमवार आणि मग नाईक मुख्यमंत्री झाले. त्याच तारखेला गुजरातही जन्मले. आणि त्याच दिवशी सोव्हिएत संघात, मॉस्कोच्या लाल चौकात मे दिनाचे संचलन होत असताना, उरल पर्वताजवळ स्वेर्दलोव्स्कच्या आकाशात अमेरिकेचे यू-२ हे हेरगिरीचे विमान पाडले गेले आणि त्याचा वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत हाती लागला. दोन आठवड्यांनी पॅरिसला भरलेली महासत्तांची शिखर परिषद त्या प्रकरणाने मोडली.

वणी परिसरात या दिवसाचे स्वागत एकमुखी झाले असे म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. बापूजी अणे त्याच मताचे होते. १९५९ मध्ये नागपूरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर उभे राहून निवडून आले आणि १९६२ मध्ये त्यांनी ती जागा राखली. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला विकासखर्चात आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा, नागपूरला विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन अशी आश्वासने दिली होती. अधिवेशन भरत राहिले. बाकीच्या आश्वासनांचा हिशेब अजून मागितला जातो. विदर्भवादी संघटना १ मे हा काळा दिवस म्हणून पाळतात. बापूजींचे नातू, राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना वेगळ्या राज्यांच्या बाजूने बोलल्यामुळे झालेल्या वादात मार्च २०१६ मध्ये पद सोडावे लागले. म्हणून वणी तालुक्याच्या संदर्भात १ मे १९६० ला केवळ आनंदाचा दिवस म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

दोन वर्षांनी, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. या वेळी तारीख उघडपणे राज्याच्या वाढदिवसाची म्हणून निवडलेली होती. ज्या समितीच्या अहवालावर ही रचना उभी राहिली तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते, पाणीपुरवठा हे विषय निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या हाती गेले. गावात राहणाऱ्याच्या दृष्टीने मुंबईतल्या मंत्रिमंडळापेक्षा ही व्यवस्था जवळची. पुढे ही परंपराच पडली. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १ मे १९८१ रोजी निर्माण झाले, गोंदिया आणि यवतमाळला लागून असलेला हिंगोली १ मे १९९९ रोजी. अनेक वर्षे मराठी शाळांचे वार्षिक निकालही १ मेलाच लागत, आणि ग्रामसभेच्या ठरावीक दिवसांतही ही तारीख बसली. सरकारी दिनदर्शिकेत एखादी तारीख अशी रुळली की तिच्यावर नवनवी कामे येऊन पडू लागतात.

आता ज्या तारखा कुणी निवडल्या नाहीत त्यांच्याकडे वळता येईल. समाजवादी नेते मधू लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात १९५५ मध्ये ते उतरले, पोर्तुगीज पोलिसांची अमानुष मारहाण सोसली आणि त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. सुमारे दीड वर्ष तुरुंगात काढून ते १९५७ मध्ये सुटले. पुढे हा मराठी माणूस बिहारमधल्या मुंगेर आणि बांका मतदारसंघांतून चार वेळा लोकसभेवर गेला. नियमावलीवर इतकी पकड असलेला खासदार संसदेने क्वचितच पाहिला.

त्याच गोवा सत्याग्रहाची पहिली मोठी तुकडी मे १९५५ मध्ये नेणारे नारायण गणेश तथा नानासाहेब गोरे यांचे निधन १ मे १९९३ रोजी झाले. त्यांनाही पोर्तुगिजांनी दहा वर्षांची शिक्षा दिली होती. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने ते पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. म्हणजे १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा ते पुण्याचे खासदार होते. नंतर पुण्याचे महापौर आणि १९७७ ते १९७९ या काळात इंग्लंडमधले भारताचे उच्चायुक्त. एकाचा जन्मदिवस तोच दुसऱ्याचा स्मृतिदिन, हा निव्वळ योगायोग. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच आहे: १९५५ मध्येच प्रजासमाजवादी पक्ष फुटला, लिमये राममनोहर लोहियांबरोबर गेले आणि गोरे मूळ पक्षात राहिले. गोव्याच्या तुरुंगात दोघेही गेले ते राजकीय वाटा वेगळ्या होत असतानाच. गोरे गेले त्याच दिवशी कोलंबोत मे दिनाच्या मिरवणुकीत श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष रणसिंगे प्रेमदासा यांची आत्मघाती बॉम्बस्फोटात हत्या झाली; दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मोठा मथळा त्याच बातमीला मिळणार हे उघड होते.

अभिनेते बलराज साहनी यांचा जन्म १ मे १९१३ चा, रावळपिंडीतला. ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेचे कार्यकर्ते, तुरुंगवास भोगलेले साम्यवादी, आणि १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या भूमिकेने अजरामर झालेले. त्या चित्रपटात गायलेले मन्ना डे यांचा जन्मही १ मेचाच, १९१९ चा, कलकत्त्याचा. मराठी चित्रपटांसाठीही ते गायले. साहनी १३ एप्रिल १९७३ रोजी मुंबईत वारले. १८ दिवसांनी देशातल्या कोळसा खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या.

खाणकामगारांच्या जन्मतारखांची गोष्ट या प्रसिद्ध माणसांसारखी नाही. कॉलरीत लागलेल्या प्रत्येकाचे नाव आणि वय ‘फॉर्म बी’ या नोंदवहीत लिहिले जाई. जन्माचा दाखला फार थोड्यांकडे असे, मग अंदाजे वय सांगितले जाई आणि कारकून ते लिहून घेई. शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेला १ जून असायचा, कारण शाळा जूनमध्ये सुरू होते आणि त्या दिवशी वय पूर्ण झालेले दाखवणे सोयीचे. ग्रामीण महाराष्ट्राचा अर्धा भाग १ जूनला जन्मला की काय असे वाटावे इतके हे दाखले सर्रास आहेत. निवृत्तीच्या वेळी दाखल्यातली तारीख आणि नोंदवहीतले वय जुळले नाही की वाद होई, आणि कोळसा कंपन्यांविरुद्धचे असे खटले उच्च न्यायालयांपर्यंत गेले. कोळसा उद्योगाच्या संयुक्त वेतन समितीला जन्मतारीख ठरवण्याची स्वतंत्र कार्यपद्धती घालून द्यावी लागली. दिनविशेषात जन्मतारीख छापली जाणे हा एका अर्थी शिकलेल्या घरांचा विशेषाधिकार होता.

१९७३ च्या १ मेपर्यंत येताना एक वर्ष मागे जावे लागते. देशातल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण दोन टप्प्यांत झाले. पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा काढणाऱ्या २१४ खाणींचे व्यवस्थापन ऑक्टोबर १९७१ मध्ये सरकारने हाती घेतले आणि १ मे १९७२ पासून त्या सरकारी मालकीच्या झाल्या. या मुख्यतः झरियाच्या खाणी. उरलेल्या, म्हणजे वीज, रेल्वे आणि कारखान्यांसाठी कोळसा काढणाऱ्या ७११ खाणींचे व्यवस्थापन ३१ जानेवारी १९७३ रोजी ताब्यात घेण्यात आले. तीन महिन्यांनी, १ मे १९७३ ला, कोळसा खाणी (राष्ट्रीयीकरण) कायद्याने मालकांचे हक्क केंद्र सरकारकडे गेले. कायद्याच्या परिशिष्टात खाणीचे नाव, मालकाचे नाव आणि भरपाईची रक्कम अशी लांबलचक यादी होती. टाटांच्या पोलाद कारखान्याच्या खाणी वगळण्यात आल्या. राजूरसह वर्धा खोऱ्यातल्या खाजगी खाणी या दुसऱ्या टप्प्यात आल्या.

कारणे अनेक होती आणि सगळीच तात्त्विक नव्हती. खाजगी मालक सहज हाती लागणारा कोळसा काढून बाकीचा खांबांत आणि ढिगाऱ्यांत सोडून देत; अशा उपशाने खाणी आगीला आणि खचण्याला मोकळ्या होत. सुरक्षिततेवर आणि यंत्रांवर खर्च टाळला जाई. १९६७ पासून लागू झालेल्या वेतन मंडळाच्या शिफारशी अनेक खाणींत कागदावरच राहिल्या होत्या, भविष्य निर्वाह निधीचे पैसे थकत होते आणि भरती ठेकेदाराच्या हातात होती. पोलाद आणि खाण मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी हे धोरण पुढे रेटले. राष्ट्रीयीकरणाला बरोबर महिना झाला त्या दिवशी, ३१ मे १९७३ रोजी, दिल्लीत पालम विमानतळाजवळ कोसळलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानात त्यांचा मृत्यू झाला.

त्या १ मेला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आणि राज्य १९७२ च्या दुष्काळाच्या सर्वांत कठीण टप्प्यात होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती; पाच कोटींच्या राज्यात दहातला एक जण खडी फोडत किंवा बांध घालत होता. विदर्भाला मराठवाडा किंवा नगर, सोलापूरइतकी झळ लागली नाही, तरी त्या उन्हाळ्यात बारमाही पगाराची सरकारी नोकरी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

राष्ट्रीयीकरणानंतर खाणी कोल माइन्स ऑथॉरिटीच्या ताब्यात गेल्या. तिच्या पश्चिम विभागाचे कार्यालय नागपूरला होते. १ नोव्हेंबर १९७५ रोजी कोल इंडिया अस्तित्वात आली आणि पश्चिमेच्या खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या तिच्या उपकंपनीकडे आल्या. १ जानेवारी १९७५ पासून पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार लागू झाला. टब भरणारा लोडर, छताला आधार देणारा टिंबर मिस्त्री, पाळीची जबाबदारी घेणारा मायनिंग सरदार यांची मजुरी आता एका करारात, देशभर एकाच दराने ठरू लागली. क्वार्टर, दवाखाना, सेवानिवृत्ती आणि सेवेत मृत्यू झाल्यास वारसाला नोकरी या गोष्टी आल्या. राजूरपुरते बोलायचे तर १ मे १९७३ हा दिवस १ मे १९६० पेक्षा मोठा ठरतो. राज्य बदलले तेव्हा टब भरणाऱ्याच्या हातात पडणारी मजुरी बदलली नव्हती. मालक बदलला तेव्हा ती बदलली.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. नंतरच्या दशकांत वणी परिसरात उकणी, जुनाड, पिंपळगाव, कोलारपिंपरी, घोन्सा अशा खुल्या खाणी सुरू झाल्या. त्यांत यंत्रे अधिक आणि माणसे कमी. जमिनी गेल्या, मातीचे डोंगर उभे राहिले, कोळशाच्या ट्रकांनी रस्ते काळे झाले. राजूर, भांदेवाडा, कुंभारखणी यांसारख्या भूमिगत खाणींची आर्थिक बाजू मात्र लंगडी होत गेली आणि कायम कामगारांच्या जागी पुन्हा ठेकेदारीचे मजूर दिसू लागले. १९७३ च्या कायद्याने जी पद्धत मोडायची होती ती सरकारी मालकीतच परतली, हे या राष्ट्रीयीकरणाचे मोठे अपयश म्हणावे लागेल. कोळसा पट्ट्यातल्या सर्व संघटनांचा कामगार दिनही एक नाही. लाल बावट्याच्या संघटना १ मे पाळतात, तर भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती हा श्रम दिन मानतो.

या तारखेच्या नोंदींत विदर्भाची आणखी दोन नावे आहेत. १ मे २००८ रोजी दिल्लीत सर्वोदय कार्यकर्त्या निर्मला देशपांडे यांचे निधन झाले. जन्म १९२९ मध्ये नागपूरचा. वडील ‘अनामिकाची चिंतनिका’ या पुस्तकासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे लेखक पु. य. देशपांडे. विनोबांच्या भूदान यात्रेत त्या हजारो किलोमीटर पायी चालल्या, पंजाब आणि काश्मीरमध्ये शांततेसाठी फिरल्या, राज्यसभेवर दोनदा नियुक्त झाल्या. दुसरे नाव एका ठिकाणाचे आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाची झेंडावंदने आटोपल्यानंतर काही तासांतच, गडचिरोली जिल्ह्यातल्या जांभुळखेडा गावाजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग उडवून पोलिसांचे वाहन उद्ध्वस्त केले. शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि वाहनाचा चालक ठार झाले. आदल्या रात्री त्याच भागात रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली होती आणि पोलीस तिकडेच निघाले होते. राज्याच्या वाढदिवसाच्या नोंदीत या १६ जणांचाही स्मृतिदिन आता आहे.

कोळशाच्या बाबतीत सरकारची मक्तेदारी १९९३ पासून सैल होऊ लागली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने वीजनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी खाणी घेण्याची मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये खाणवाटप रद्द केल्यावर २०१५ चा नवा कायदा आला आणि जून २०२० मध्ये खाजगी कंपन्यांना बाजारात विकण्यासाठी कोळसा काढू देणाऱ्या लिलावांची घोषणा झाली. ज्या कायद्याने १ मे १९७३ हा दिवस ठरवला होता, तो ८ जानेवारी २०१८ पासून रद्द झाला आहे.